आधी विहीर पाहा : विंधन-विहीर व्यावसायिकांस अनावृत पत्र

विंधन विहिरी खोदणारे ठेकेदार, पंप व मोटारी बसवणारे कारागीर आणि पाण्याची जागा दाखवून देणारे पाणाडे या सर्वांस,



उन्हाळा जवळ आला म्हणजे आमच्यासारख्या घरांतून आपणांस तातडीचे बोलावणे जाते. त्या वेळी बोलावणारा माणूस इतका गांगरलेला असतो की त्याला नीट प्रश्न विचारण्याचे भान उरत नाही, आणि आपल्यामागेही इतर गिऱ्हाइकांचा असा लकडा लागलेला असतो की आपणांस उत्तर देण्याची सवड मिळत नाही. ते प्रश्न एकदा निवांतपणे आपल्यापुढे मांडावेत, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. ज्यांच्या वतीने मी लिहिते ती कुटुंबे श्रीमंत नाहीत. त्यांच्या परसात वाडवडिलांनी बांधलेली सहा-सात हात रुंदीची विहीर असते. नळ असलाच तर त्याला आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी पाणी येते. आणि विहीर आटू लागली की घरातील साऱ्या शिलकीवर एका दिवसात पाणी सोडण्याची पाळी त्यांच्यावर येते. अशा घराच्या दृष्टीने विंधन विहिरीचा निर्णय हा वर्षाच्या जमाखर्चातला एक आकडा नसतो. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा म्हातारपणीच्या औषधपाण्यासाठी राखून ठेवलेली रक्कम त्या निर्णयात खर्ची पडते, व ती एकदा खर्ची पडली म्हणजे पुन्हा उभी राहण्यास वर्षे लागतात.

आपल्या व्यवसायाविषयी माझ्या मनात आदर आहे, व तो मी आरंभीच नमूद करते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी हा प्रदेश पाहिला, त्यांना खडक फोडून गावोगाव पाणी वर आणणाऱ्या यंत्रांचे मोल सांगावे लागत नाही. आज देशभर, किंबहुना देशाबाहेरही, जो ‘इंडिया मार्क दोन’ हातपंप दिसतो, त्याची पूर्वपीठिका आपल्याच जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या पंपांत आहे, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. दूरच्या तमिळनाडूतील तिरुचेंगोड्याहून निघालेल्या गाड्यांवर महिनोन्‌महिने राहून, धुळीत आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात रात्रंदिवस राबणारे मजूर आमच्या दारी येतात, त्यांच्या कष्टांविषयीही माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु ज्या व्यवसायावर लोकांचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे, त्याने लोकांचा विश्वास नुसत्या श्रमाने नव्हे तर सचोटीने आणि शास्त्राने सांभाळला पाहिजे, अशी अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकार आहे.

माझी पहिली तक्रार अशी की, आपण आटलेली विहीर पाहावयास येता, पण विहीर पाहात नाही. आमच्या घरी असेच घडले. फेब्रुवारीपासून मोटर थोडा वेळ चालून पाणी सोडू लागली, म्हणून बोलावलेले गृहस्थ कठड्यापाशी क्षणभर उभे राहिले, खाली एक खडा टाकला आणि ‘ही विहीर संपली, आता चारशे फूट बोअर घ्या’ असा निकाल देऊन दर सांगू लागले. पाण्याची पातळी किती आहे, मागील वर्षी याच सुमारास किती होती, तळाशी गाळ किती, मोटर किती अश्वशक्तीची, फुटव्हॉल्व कोठे टांगला आहे, उपसा थांबवल्यानंतर पाणी किती वेळात किती चढते, यांतील एकही प्रश्न विचारला गेला नाही. ही कैफियत माझ्या एकटीची नाही. शेजारीपाजारी व नात्यागोत्यांत ज्यांनी ज्यांनी विहिरीची दुरुस्ती काढली, त्यांतील पुष्कळांच्या तोंडून मी ती थोड्याफार फरकाने ऐकली आहे.

वास्तविक घरगुती विहीर ‘पाणी देईनाशी झाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यामागे तीन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या असतात. एक, भूगर्भातील पाण्याची पातळीच खरोखर खाली गेली आहे. दोन, पातळी आहे तेथेच आहे, पण वर्षानुवर्षांच्या गाळाने, पालापाचोळ्याने व ढासळलेल्या मातीने झऱ्यांची तोंडे बुजली आहेत. तीन, विहिरीत पाणी आहे, झरेही वाहते आहेत, आणि दोष आहे तो पंपात. या तिन्हींचे उपाय निराळे, आणि खर्चातील अंतर तर काही शेकड्यांपासून लाखापर्यंतचे. कोणत्या कारणाने विहीर रुसली आहे हे ठरवल्याखेरीज उपाय सांगणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने जुगार खेळणे होय. आणि त्या जुगारात हरण्याची जोखीम फक्त गिऱ्हाइकाच्या माथी असते.

पंपाची गोष्ट आधी घेते, कारण सर्वांत स्वस्त उपाय तेथे आहे आणि सर्वांत अधिक दुर्लक्षही तेथेच होते. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी खेचतो ते हवेच्या दाबाच्या आधारे, आणि हा दाब समुद्रसपाटीला फार तर दहा मीटरच्या आसपास पाणी उचलू शकतो. पाइपातील घर्षण, झडपेचा अडथळा आणि आपल्या पठारांची उंची जमेस धरली म्हणजे व्यवहारात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट, ही त्याची मर्यादा ठरते. पातळी त्याखाली एक हात जरी गेली, तरी विहिरीत पुरुषभर पाणी असूनही मोटर नुसती घरघरत राहते, आणि घरातील माणसे विहीर आटली असे समजून हताश होतात. अशा ठिकाणी पंप खाली मचाणावर घेणे अथवा त्याऐवजी लहानशी पाणबुडी मोटर सोडणे एवढेच पुरते. कधी फुटव्हॉल्वमध्ये काडीकचरा अडकलेला असतो, कधी जुन्या पाइपाच्या सांध्यातून हवा ओढली जात असते, कधी पंपाचा पंखा झिजलेला असतो, तर कधी कॅपॅसिटर निकामी झालेला किंवा विजेचा दाब अपुरा असतो. यांतील बहुतेक दोष जाणता कारागीर तासा-दोन तासांत ओळखू शकतो. पंप बसवणाऱ्या बंधूंना माझी विनंती आहे की, नवी मोटर विकण्यापूर्वी जुन्या मोटारीची ही तपासणी त्यांनी रास्त मोबदला घेऊन करावी. तपासणीचे पैसे आम्ही आनंदाने देऊ. आजवर ते कोणी मागितले नाहीत, हीच आमची अडचण आहे.

दुसरा प्रश्न मापाचा आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. विहिरीला पाणी ‘आहे’ की ‘नाही’ असा प्रश्न विचारणेच मुळी अपुरे आहे. ती दिवसाकाठी किती पाणी देते आणि घराला दिवसाकाठी किती लागते, हा खरा प्रश्न होय. तीन मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे सात हजार लिटर. अर्थात दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे सातशे लिटर. आता संध्याकाळी उपसा थांबवून दोरीला गाठ मारून पातळी नोंदवली, आणि पहाटे ती केवळ दहा सेंटिमीटर चढलेली आढळली, तरी एका रात्रीत सातशे लिटर पाणी पाझरून आले असे सिद्ध झाले. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज पंचावन्न लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घरास दिवसाला पावणेतीनशे लिटर पुरतात. म्हणजे ज्या विहिरीला आपण ‘संपली’ म्हणून मोकळे होता, ती त्या घराची गरज दुपटीहून अधिक भागवीत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

मग पाणी तुटते ते का? शेतीचा काळ डोळ्यांपुढे ठेवून बसवलेली तीन किंवा पाच अश्वशक्तीची मोटर तासाला हजारो लिटर पाणी ओढते, झरा बिचारा त्याच्या शतांशानेही भरत नाही, आणि पंप थोड्याच वेळात कोरडा फिरू लागतो, म्हणून. येथे मोठी मोटर काढून अर्ध्या अश्वशक्तीची बसवावी, ती दिवसातून दोन-तीन वेळा थोडा थोडा वेळ चालवावी, पाणी संपताच मोटर आपोआप बंद करणारे साधन जोडावे, आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवावी. एवढ्याने कित्येक घरांचा उन्हाळा निभावून जाईल. विहीर जे हळूहळू देते ते हळूहळू घेऊन साठवावे, यात काही नवे तत्त्वज्ञान नाही. रहाटाने आणि पोहऱ्याने पाणी शेंदणाऱ्या पिढ्यांनी विहिरीच्या आवाक्याबाहेर कधी उपसा केला नाही. माझी मागणी एवढीच की, आपण कोणत्याही घरी दर सांगण्यापूर्वी हा रात्रीचा चढाव मोजण्यास सांगावे, आणि आकडा हाती आल्यावरच सल्ला द्यावा.

मोजणीअंती विहिरीचा दोष खराच ठरला, तर उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने सांगितले जावेत, ही माझी तिसरी विनंती. आधी गाळ काढावा. यारी लावून दोन-तीन दिवसांत तळ स्वच्छ केला असता बुजलेले पाझर मोकळे झाल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. गाळ निघूनही पाणी पुरेसे नसेल, तर विहिरीच्या आतून आडवे बोअर घेता येतात. ज्या थरातून ओल दिसते त्या थरात, पातळी सर्वांत खाली असताना वैशाखात ते घेतले म्हणजे नेम चुकण्याचा संभव कमी राहतो, आणि खर्च नव्या विंधन विहिरीच्या मानाने पुष्कळच थोडा येतो. त्यानेही भागले नाही तर विहिरीची खोली काही हात वाढवावी किंवा तिच्याच तळाशी उभे बोअर घ्यावे. आणि हे सारे तपासून झाल्यावर, अगदी अखेरीस, नव्या जागी खोल विंधन विहिरीचा विचार व्हावा. आज हा क्रम नेमका उलटा झाला आहे. सर्वांत महाग उपाय पहिल्याच भेटीत सांगितला जातो, आणि स्वस्त उपायांची नावेही गिऱ्हाइकाच्या कानी पडत नाहीत.

आपल्या बोलण्यात ‘अजून शंभर फूट जाऊ, पाणी लागेलच’ हे वाक्य हमखास येते. त्यासंबंधी माझे स्पष्ट मत मांडते. महाराष्ट्राचे चार-पंचमांशांहून अधिक क्षेत्र काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून तो बनला. या खडकात वाळूच्या थरासारखे पाणी सर्वत्र भरलेले नसते. वरच्या मुरमात, सच्छिद्र थरांत, दोन थरांमधील सांध्यांत आणि भेगांत तेवढे ते मिळते, आणि मधला घट्ट पाषाण जवळजवळ कोरडा असतो. खोली वाढत जाते तसतशा भेगा साधारणपणे विरळ व बंद होत जातात. म्हणून फूट वाढले की पाणी वाढते, हे गृहीत आमच्या खडकाला लागू पडत नाही. फूट वाढले की बिल मात्र निश्चित वाढते. खोलवर पाणी लागते तेव्हा ते पुष्कळदा अनेक वर्षे हळूहळू साठलेले असते, व एक-दोन उन्हाळ्यांतच त्याचा ओघ आटून पुन्हा आपणांसच बोलावण्याची वेळ येते. शिवाय खोल पाण्याचा गुण वरच्या पाण्यासारखा असेलच असे नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांनी फ्लोराइडयुक्त भूजलाचे दुष्परिणाम दातांवर आणि हाडांवर सोसले आहेत. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पलीकडे जाऊ नये, ही भारतीय मानकाची कमाल मर्यादा आहे. आणि तरीही नवी विंधन विहीर सुरू करून देताना पाण्याची तपासणी करून घ्या, एवढे सांगणारा ठेकेदार मला अद्याप भेटलेला नाही.

खोलीचा प्रश्न शेजारधर्माशीही निगडित आहे. वरच्या थरात केसिंग पाइप पुरेसा न घालता व त्याभोवतीची पोकळी न बुजवता खोल भोक पाडले, तर वरच्या थरातील पाणी त्या भोकावाटे खाली निसटू शकते, आणि शेजारच्या चार उथळ विहिरी त्याची किंमत मोजतात. वरचे घाण पाणी त्याच वाटेने खाली जाऊन पिण्याचे पाणी नासवते, हा दोष वेगळाच. शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास १९९३ च्या राज्य कायद्याने मनाई केली होती. पुढे २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने विंधन यंत्रांच्या मालकांनी नोंदणी करावी असे ठरवले, आणि साठ मीटर किंवा त्याहून अधिक खोलीची विहीर ही ‘खोल विहीर’ म्हणून वेगळी काढली. हा कायदा गिऱ्हाइकाला माहीत नसणे मी समजू शकते. पण त्याच धंद्यावर ज्यांचे पोट आहे त्यांनी तो गिऱ्हाइकाला सांगू नये, हे मला समजत नाही. केसिंग किती फूट घातले हे मालकाच्या डोळ्यांदेखत मोजून द्यावे, आणि कमी केसिंगात काम उरकून स्पर्धेत दर पाडण्याची वहिवाट आपण सर्वांनी मिळून मोडावी, अशी माझी चौथी विनंती आहे.

पाचवी गोष्ट हिशेबाची. ‘दोन इंची पाणी लागले’ असे आपण सांगता आणि मालक कृतार्थ होतो. परंतु हे दोन इंच म्हणजे दोन इंची पाइप भरून वाहणारे पाणी, की त्रिकोणी खाचेच्या पत्र्यावरून वाहणाऱ्या पाण्याची दोन इंच उंची, याचा खुलासा होत नाही. काटकोनी खाचेवरून एक इंच उंचीने वाहणारे पाणी म्हणजे तासाला सुमारे पाचशे लिटर, आणि दोन इंच म्हणजे त्याच्या दुप्पट नव्हे तर साडेपाचपटीहून अधिक, म्हणजे तासाला जवळजवळ एकोणतीसशे लिटर. मापाचा अर्थच संदिग्ध असेल, तर शब्दाला आणि पावतीला काय किंमत राहिली? गावातला किराणा दुकानदारदेखील तराजू गिऱ्हाइकासमोर धरतो. आपणही ती खाच आमच्यासमोर लावावी, आणि कॉम्प्रेसरने बोअर साफ केल्यावर निदान तासभर सतत पाणी काढून, शेवटचे माप लिटरांत लिहून द्यावे.

फुटांवर दर आकारण्याची पद्धत मोडणे सोपे नाही, हे मी जाणते. गाडीवरचे कर्ज, डिझेलचा खर्च, मजुरांचा पगार हे सारे पाणी लागो न लागो आपणांस भागवावेच लागतात, आणि पाणी न लागल्यास फुकट काम करा असे म्हणणे अन्याय्य ठरेल. परंतु दर फुटांवर असेल तर खोदाई कोठे थांबवावयाची याचा अधिकार तरी मालकाच्या हाती असावा, आणि तो अधिकार बजावण्याइतकी माहिती त्याला द्यावी. कामाआधी एक साधा लेखी करारनामा करावा, ज्यात कमाल खोली, केसिंगचा वेगळा दर, दर कोणत्या फुटापासून वाढतो, आणि घट्ट पाषाण सलग किती फूट लागल्यास मालकाला विचारल्याखेरीज पुढे जावयाचे नाही, ही कलमे असावीत. पाणाड्यांनाही माझे सांगणे आहे की, तळहातावरच्या नारळाने किंवा झाडाच्या दोन फाटे फुटलेल्या फांदीने ज्या जागा आपण दाखवता, त्यांतील किती यशस्वी व किती फोल ठरल्या याची वही ठेवावी आणि गिऱ्हाइकास ती दाखवावी. श्रद्धेचा अनादर करण्याची माझी इच्छा नाही. पण गरीब माणसाच्या लाखभर रुपयांचा प्रश्न असतो तेथे श्रद्धेनेही पुरावा द्यावा, हे न्यायाला धरून आहे.

आता सहावी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची मागणी : प्रत्येक खोदाईची नोंद. खोदताना बाहेर पडणारी भुकटी किती फुटांवर बदलली, मुरूम कोठे संपला, गेरूसारखा तांबडा थर कोठे आला, काळा पाषाण किती फूट लागला, पहिले पाणी कोठे लागले, दुसरे कोठे, अखेरची खोली किती, हे सारे आपल्या गाडीवरच्या माणसाला तोंडपाठ असते, आणि गाडी गावाबाहेर पडताच ते ज्ञान गावाला कायमचे अंतरते. पुढच्या वर्षी पलीकडच्या घरी दुसरी गाडी येते आणि तोच कोरडा पाषाण पुन्हा तितक्याच खर्चाने फोडला जातो. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ साली लिहिलेल्या ग्रंथात सरकारला सुचवले होते की, पाणाड्यांकडून शेतांची पाहणी करवून जेथे चांगले झरे सापडतील त्या जागा गावाच्या नकाशावर दाखवाव्यात. आज राज्याची भूजल यंत्रणा सुमारे चार हजार निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. पण गावाच्या एका आळीपुरते बारकाईचे ज्ञान आपल्या गाड्यांखेरीज दुसऱ्या कोणाजवळ नाही. म्हणून आपण प्रत्येक विंधन विहिरीचा एक पानी दाखला दोन प्रतींत करावा. एक प्रत मालकाला, दुसरी ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दप्तरी. कोरड्या गेलेल्या बोअरचा दाखला तर अगत्याने करावा, कारण एकाच्या नुकसानीतून दहा घरांचे नुकसान टाळणारी विद्या त्यातच आहे.

कोरड्या बोअरविषयी आणखी एक कर्तव्य आहे, आणि त्याबाबत मी आर्जवाने नव्हे तर आग्रहाने बोलते. उघड्या टाकलेल्या विंधन विहिरींत लहान मुले पडून मेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली यासंबंधी निर्देश दिले : खोदाईपूर्वी पंधरा दिवस लेखी सूचना द्यावी, खोदणाऱ्या संस्थेची नोंदणी असावी, जागेवर मालकाच्या व खोदणाऱ्याच्या पत्त्याचा फलक असावा, काम चालू असता भोवती काटेरी तारेचे कुंपण असावे, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधावा, तोंड पोलादी पत्र्याने किंवा घट्ट टोपणाने बंद करावे, आणि सोडून दिलेले बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरून काढावे. हे भरून काढण्याचे काम आपल्या मूळ दरातच धरले जावे. पाणी न लागल्याच्या निराशेत मालक ते विसरतो. आपण विसरता कामा नये.

सातवी विनंती माणसांच्या जिवाची. गाळ काढण्यासाठी आपण ज्यांना खाली उतरवता ती बहुधा पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारी, जमीन नसलेली माणसे असतात. बंद राहिलेल्या विहिरीत प्राणवायू कमी झालेला असू शकतो. जळता दिवा खाली सोडून पाहण्याची जुनी रीत त्याची सूचना देते, पण विषारी वायूची देत नाही. म्हणून उतरण्यापूर्वी विहिरीत हवा खेळती करावी, डिझेलचे इंजिन कधीही विहिरीत किंवा तिच्या तोंडाशी चालवू नये, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा व वर दोन माणसे सतत उभी असावीत, आणि माणूस पाण्यात असेपर्यंत मोटारीचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून तोडलेला असावा. एक बेशुद्ध पडला की त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही जातो, हे दुर्दैव आपल्याकडे वारंवार घडले आहे. या व्यवस्थेसाठी दर थोडा वाढला तर तो द्यावा, असे मी मालकवर्गालाही येथेच सांगून ठेवते.

काम संपल्यावर विहीर पिण्याजोगी करून देणे हेही कामाचाच भाग समजावे. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरांत, गुणिले ७८५, एवढे विहिरीतील पाण्याचे लिटर होतात. हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि तासभर उपसा करू नये, ही आरोग्य खात्याची जुनी रीत आहे. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर दूर असावा, आणि तेवढा दूर नसेल तर तसे मालकाच्या तोंडावर सांगण्याचा स्पष्टपणा आपण दाखवावा. तसेच पन्नास चौरस मीटर छपरावर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर तीस हजार लिटर पाणी ओघळून जाते. पहिल्या पावसाचे मळके पाणी बाहेर सोडून, उरलेले दगड, खडी आणि वाळूच्या गाळणीतून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात मुरवण्याची सोय गवंड्याच्या दोन-तीन दिवसांच्या कामात होते. विहिरीचे काम घेणाऱ्याने या सोयीचाही अंदाज सोबत द्यावा. पाणी काढण्याच्या विद्येला पाणी घालण्याच्या विद्येची जोड मिळाल्यावाचून आपला धंदाही फार वर्षे चालणार नाही. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी विंधन विहिरी घेणे बंद केले आणि पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, म्हणून तेथील साध्या विहिरींना पाणी टिकले. जे गावाने केले त्याचा लहानसा अंश एका घराने करणे अशक्य नाही.

यावर आपण म्हणाल की, गिऱ्हाईकच उतावळे असते. तपासणीसाठी थांबण्यास ते तयार नसते, केसिंगचे फूट कमी करा म्हणून घासाघीस करते, आणि शेजाऱ्याने तीनशे फूट घेतले तर आपण चारशे घेऊ अशी ईर्ष्या धरते. हे खरे आहे, आणि मालकवर्गाने ते सोडले पाहिजे. विहिरीची पातळी दर महिन्याला एका वहीत लिहिणे, दुरुस्ती मे महिन्यावर न ढकलता हिवाळ्यातच काढणे, आणि सर्वांत कमी दर सांगणाऱ्याऐवजी सर्वांत अधिक प्रश्न विचारणाऱ्या कारागिराला काम देणे, एवढे आम्ही आमच्या बाजूने करू शकतो, आणि करावे, असे मी हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक विहीरमालकाला विनविते. परंतु दोघांत जाणता कोण, असा प्रश्न आला तर उत्तर एकच आहे. आम्ही आयुष्यात फार तर एक-दोन वेळा विहिरीचे काम काढतो. आपण ते रोज करता. म्हणून जाणत्याची जबाबदारी आपल्याकडे अधिक येते.

सारांश, आपणांकडे माझे मागणे दानाचे नाही, सूट-सवलतीचेही नाही. आधी विहीर मोजावी, मग कारण सांगावे. स्वस्त उपाय आधी व महाग उपाय शेवटी सुचवावा. केसिंग, खोली आणि पाणी यांचे माप आमच्यासमोर घ्यावे. दाखला लिहून द्यावा. कोरडे बोअर बुजवावे. आणि विहिरीत उतरणारा माणूस धडधाकट वर यावा याची तजवीज करावी. येत्या हंगामापासून आपल्यापैकी ज्या कोणा एका तालुक्यातील व्यावसायिक एकत्र येऊन एवढ्या अटी आपल्या दरपत्रकावर छापतील, त्यांच्याकडे दूरदूरची गिऱ्हाइके वाट वाकडी करून येतील, अशी माझी खात्री आहे. कारण टंचाईच्या दिवसांत पाण्याच्या खालोखाल लोक काही शोधत असतील, तर तो विश्वासाने सल्ला विचारावा असा माणूस. तो माणूस आपण व्हावे.



आपली नम्र,
एका जुन्या विहिरीची मालकीण
तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर